स्टेरॉईड सुरू आहे, मग हाडांचे काय? गोळी घ्यायची की नाही हे कसे ठरवावे

१४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, चष्म्याचा नंबर काढतात. पण एक प्रश्न या शिबिरांत सहसा कोणी विचारत नाही : "तुम्ही स्टेरॉईडची गोळी घेता का, आणि किती महिन्यांपासून?"

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, ते या लेखात आम्ही मांडत आहोत. दमा, आमवात, ल्युपस, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, पेम्फिगससारखे त्वचारोग, कुष्ठरोगातील रिॲक्शन अशा अनेक आजारांत स्टेरॉईड द्यावेच लागते. ते जीव वाचवते, डोळा वाचवते, किडनी वाचवते, हातापायाच्या नसा वाचवते. मात्र तेच औषध महिनोन् महिने चालले की हाडे आतून पोखरू लागतात. मग डॉक्टर हाडांसाठी आणखी एक गोळी लिहून देतात, किंवा लिहून देत नाहीत. दिली तर घरात चर्चा होते, "आधीच एवढ्या गोळ्या, त्यात ही कशाला?" दिली नाही तर कोणी विचारत नाही.

दोन्ही वेळा निर्णय होतो, पण तो विचार करून झालेला नसतो. हाडांचे औषध घ्यायचे की नाही, हे प्रत्येकासाठी वेगळे ठरते. ते स्टेरॉईड सुरू झाल्यावर लवकर ठरवायचे असते, हाड मोडल्यावर नव्हे.

आधी स्टेरॉईड ओळखू या

स्टेरॉईड म्हटले की तरुणांना जिम आठवते. शरीर फुगवण्यासाठी वापरतात ती स्टेरॉईडे वेगळी. इथे विषय आहे सूज आणि प्रतिकारशक्तीचा अतिरेक दाबणाऱ्या स्टेरॉईडचा. गोळ्यांच्या पाकिटावर पुढीलपैकी एखादे नाव असते : प्रेडनिसोलोन (वायसोलोन), मिथाईलप्रेडनिसोलोन (मेड्रोल), डेफ्लाझाकोर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन (बेटनेसॉल).

या गोळ्यांची ताकद सारखी नसते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचे काम ४ मिलिग्रॅम मिथाईलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकोर्ट किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करते. म्हणून "माझी गोळी तर अर्ध्या मिलिग्रॅमची आहे, बारीकशी" या भरवशावर राहू नये. बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी साधारण ४ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. डोस प्रेडनिसोलोनच्या मापात किती होतो, हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढचे सगळे हिशेब त्याच मापात होतात.

दम्याच्या पंपातही स्टेरॉईड असते. पण ते थेट फुप्फुसात जाते आणि त्याची मात्रा फार कमी असते. नेहमीच्या डोसचा पंप या लेखातल्या हिशेबात धरायचा नाही. हे वाचून कोणी पंप बंद केला, तर फायद्यापेक्षा नुकसानच होईल.

हाडात नेमके काय होते?

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. आपल्या शरीरात जुने हाड रोज थोडे थोडे काढले जाते आणि त्या जागी नवे भरले जाते. हाड खोदणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. स्टेरॉईडमुळे बांधणाऱ्या पेशी कमी होतात आणि लवकर मरतात. खोदणाऱ्या पेशी मात्र जास्त दिवस टिकतात. त्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे जास्त बाहेर पडते. मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, त्यामुळे तोल जाऊन पडण्याचा धोकाही वाढतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नाही. अमेरिकेतील डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये एका आजाराचे वर्णन केले. त्यात शरीर स्वतःच जास्त स्टेरॉईड तयार करते, चेहरा गोल होतो आणि हाडे ठिसूळ होतात. पुढे १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला माणूस चालू लागला. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइशटाइन यांना या संशोधनासाठी मिळाले. औषधाचा फायदा आणि हाडांचे नुकसान या दोन्ही गोष्टी तेव्हापासून जोडीनेच चालत आल्या आहेत.

यातला कळीचा मुद्दा वेळेचा आहे. हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या ३ ते ६ महिन्यांत. पुढे वेग कमी होतो, पण झीज थांबत नाही. सर्वात आधी मार बसतो तो मणक्यांना, कारण मणक्याचे आतले हाड जाळीदार असते. मणका मोडतो म्हणजे दर वेळी आवाज होतो, माणूस किंचाळतो असे नाही. तो दबतो. अनेकदा दुखतही नाही, किंवा नुसती "पाठ धरते". बाई वाकून चालू लागते, उंची कमी होते, आणि घरातले म्हणतात, "वय झालं."

वय झाले म्हणून पाठ वाकली, हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते, विशेषतः खुरपणी, कांदा काढणी, ऊसतोड अशी वाकून कामे आयुष्यभर केलेल्या बायांबद्दल. ते दर वेळी खरे नसते. तरुणपणी होती त्यापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा अधिक कमी झाली असेल, तर मणका दबल्याची शंका घेऊन एक्स-रे काढायला हवा.

कोविडनंतर मुंबईत काय दिसले

महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्टेरॉईडच्या दोन्ही बाजू पाहिल्या. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवून दिले होते की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात. डोस होता दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. दुसऱ्या लाटेत मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनाही स्टेरॉईड दिले गेले, लागते त्याहून जास्त डोसने आणि जास्त दिवस दिले गेले. साखर वाढलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिस पसरला, त्यात अनेकांचे डोळे आणि जबडे गेले.

त्यानंतर हाडांचा प्रश्न पुढे आला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात ३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडनंतर त्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता. याला एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. त्यांना मिळालेले एकूण स्टेरॉईड सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके होते. म्हणजे दिवसाला ४० मिलिग्रॅम धरले तर १९ दिवसांचा कोर्स. कोविडचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्रास सुरू झाला होता.

इथे एक गल्लत टाळायला हवी. खुब्याचे हाड मरणे आणि सगळी हाडे ठिसूळ होणे, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला थोड्या दिवसांच्या मोठ्या डोसनेही होऊ शकतो, दुसरा मुख्यतः महिनोन् महिने चाललेल्या स्टेरॉईडने होतो. स्टेरॉईड घेतलेल्या तरुणाच्या जांघेत किंवा खुब्यात सतत दुखत असेल, तर हाडांची गोळी सुरू करून गप्प बसू नये. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर कळले तर खुबा वाचण्याची शक्यता वाढते.

या पुढे आपण बोलणार आहोत ते दुसऱ्या आजाराबद्दल, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाबद्दल.

निर्णय कशावरून होतो?

अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिचे सूत्र सोपे आहे. दिवसाला २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन ३ महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर प्रत्येकाच्या हाडांचा धोका तपासायचा. धोका तपासायचा सर्वांचा, औषध द्यायचे मात्र धोका पाहून.

धोका चार गोष्टींवरून कळतो.

पहिली, डोस आणि काळ. दिवसाला ७.५ मिलिग्रॅमच्या वर धोका स्पष्ट वाढतो. ३० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस ३० दिवसांहून अधिक चालला, किंवा वर्षभरात एकूण ५ ग्रॅम स्टेरॉईड पोटात गेले, तर धोका फार जास्त समजतात. ५ ग्रॅम म्हणजे रोज साधारण १४ मिलिग्रॅम, वर्षभर.

दुसरी, आधी हाड मोडले आहे का? गाडीवरून पडून नव्हे, तर साध्या घसरण्याने मनगट, खुबा किंवा मणका मोडला आहे का? याचे उत्तर 'हो' असेल, तर तो सगळ्यात मोठा इशारा आहे.

तिसरी, वय आणि पाळी. चाळिशीनंतर धोका वाढत जातो. पाळी गेल्यावर तो झपाट्याने वाढतो. लहान वयात गर्भाशय आणि अंडाशय काढलेल्या बायांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आपल्या भागात अशा बाया कमी नाहीत.

चौथी, इतर कारणे : फार कमी वजन, तंबाखू-मिश्री, बिडी, दारू, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला असणे, आणि खुद्द आमवातासारखा आजार.

चाळिशीपुढच्या व्यक्तीसाठी या सगळ्याचे गणित 'फ्रॅक्स' नावाच्या तक्त्यावर मांडता येते. तो इंटरनेटवर मोफत आहे आणि त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे. पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता तो टक्क्यांत सांगतो. मोठ्या फ्रॅक्चरची शक्यता २० टक्के किंवा जास्त, अथवा खुब्याची ३ टक्के किंवा जास्त निघाली, तर धोका जास्त. मोठ्या फ्रॅक्चरची १० ते १९ टक्के असेल तर मध्यम. मार्गदर्शिका मध्यम आणि जास्त धोक्याच्या व्यक्तीला हाडांचे औषध सुचवते, कमी धोक्याच्या व्यक्तीला सुचवत नाही. डोस ७.५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर फ्रॅक्सचा मोठ्या फ्रॅक्चरचा आकडा १.१५ ने आणि खुब्याचा १.२ ने गुणतात.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला तर उत्तमच. पण स्कॅन नाही म्हणून निर्णय अडत नाही. फ्रॅक्स स्कॅनशिवायही भरता येतो. ब्रिटनची मार्गदर्शिका तर म्हणते की वय ७० च्या पुढे असेल, आधी साध्या पडण्याने हाड मोडले असेल, किंवा ७.५ मिलिग्रॅम वा जास्त डोस ३ महिने चालणार असेल, तर हाडांच्या औषधाचा विचार व्हायलाच हवा. गावातल्या माणसासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

चार उदाहरणे

ही माणसे कल्पित आहेत, पण अशी माणसे प्रत्येक वस्तीत सापडतील.

६२ वर्षांची आजी. आमवातासाठी रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, पाच महिन्यांपासून. चार वर्षांपूर्वी अंगणात घसरून मनगट मोडले होते. इथे संशयाला जागा नाही. स्कॅनची तारीख मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढच्याच भेटीत औषधाचा विषय काढायला हवा.

४५ वर्षांचा कामगार. दम्याचा पंप रोज, आणि वर्षातून एक-दोनदा दम वाढल्यावर पाच दिवस गोळ्या. त्याला हाडांच्या औषधाची गरज नाही. पण असे कोर्स वर्षात चार-पाच होऊ लागले, तर एकूण हिशेब मांडला पाहिजे, आणि पंप नीट ओढला जातो का तेही पाहिले पाहिजे.

२७ वर्षांची तरुणी. ल्युपससाठी ४० मिलिग्रॅमने सुरुवात, दीड महिन्याने डोस कमी करायला घेतला. लग्न झालेले, मूल हवे आहे. इथे निर्णय खरोखर अवघड आहे. डोसमुळे धोका वाढला आहे, पण हाडांची नेहमीची औषधे हाडात अनेक वर्षे राहतात आणि गरोदरपणात त्यांच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही. मूल कधी हवे, तोवर गर्भनिरोधन काय, स्टेरॉईड किती लवकर कमी होईल, दुसरे औषध देता येईल का, हे सगळे तिच्यासमोर आणि तिच्याशी बोलूनच ठरले पाहिजे. सासूबाई किंवा नवऱ्याने परस्पर डॉक्टरांना सांगून ते ठरू नये.

५२ वर्षांचा शेतमजूर. गुडघेदुखीवर कोणीतरी दिलेली 'देशी' पुडी दोन वर्षांपासून घेतो. लगेच आराम पडतो. चेहरा गोल झाला आहे, हातावर साधे खरचटले तरी काळेनिळे होते. पुडीत स्टेरॉईड असण्याची शक्यता मोठी आहे. त्याचा डोस कोणालाच माहीत नाही. त्याने पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे, पण ती स्वतःहून एकदम बंद करू नये.

शेवटचे वाक्य सगळ्यांनाच लागू आहे. काही आठवडे स्टेरॉईड घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉईड बनवणे कमी करते. अशा वेळी गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हाडांच्या भीतीने स्टेरॉईड सोडणे, हा उपाय नाही. "डोस अजून कमी होऊ शकतो का?" असे विचारणे, हा उपाय आहे. हाडांसाठी सगळ्यात चांगले औषध म्हणजे आजार आटोक्यात ठेवणारा कमीत कमी स्टेरॉईडचा डोस.

हाडांची औषधे कोणती आणि ती कशी घ्यायची?

पहिली पायरी सर्वांसाठी एकच. दिवसाला आहार आणि गोळी मिळून १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० युनिट ड जीवनसत्त्व. मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. धोका कमी असलेल्यांना एवढे पुरते. धोका मध्यम किंवा जास्त असेल तर एवढ्याने भागत नाही. "मी कॅल्शियम घेते की" हे उत्तर मग अपुरे आहे.

पुढची पायरी म्हणजे बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे. अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम किंवा रिसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच एक गोळी. गोळी चालत नसेल तर झोलेड्रोनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन वर्षातून एकदा, सलाईनमधून. ही औषधे हाड खोदणाऱ्या पेशींना आवरतात. स्टेरॉईड घेणाऱ्यांवर झालेल्या चाचण्यांचा २०१६ चा कॉक्रेन आढावा सांगतो की यामुळे मणका मोडण्याचे प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी होते. खुबा, मनगट अशा इतर हाडांबाबतचा पुरावा इतका भक्कम नाही. जे औषध करते तेवढेच त्याच्याकडून अपेक्षावे.

साप्ताहिक गोळी घेण्याची रीत चुकली तर ती वाया जाते. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहा, दूध, कॅल्शियमची गोळी काही घ्यायचे नाही. आपल्याकडे डोळे उघडताच चहा लागतो, म्हणून गोळी इथेच फसते. आठवड्याचा एक वार ठरवावा आणि कॅलेंडरवर खूण करावी. अर्धा तास ताठ बसता येत नसेल, अन्ननलिकेचा आजार असेल, रक्तातले कॅल्शियम कमी असेल किंवा किडनी बरीच कमजोर असेल, तर ही गोळी चालत नाही. म्हणून आधी रक्ताची तपासणी हवी.

धोका फार जास्त असेल तर तज्ज्ञ टेरिपॅराटाइड (रोजचे इंजेक्शन) किंवा डेनोसुमॅब (दर ६ महिन्यांनी इंजेक्शन) सुचवू शकतात. डेनोसुमॅबची तारीख चुकवू नये आणि ते मनाने थांबवू नये. ते थांबले की हाडांची घनता झपाट्याने घसरते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. ते बंद करताना त्याजागी दुसरे औषध द्यावे लागते. पुढच्या दोन वर्षांचे इंजेक्शन परवडेल का, हे पहिल्या इंजेक्शनआधी विचारावे.

भीती किती खरी?

मोबाईलवर फिरते की या गोळ्यांनी जबडा सडतो आणि मांडीचे हाड मोडते. या गोष्टी खोट्या नाहीत, पण दुर्मीळ आहेत. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसात जबड्याचे हाड उघडे पडण्याचे प्रमाण वर्षाला १०,००० रुग्णांत एक किंवा त्याहूनही कमी आहे. स्टेरॉईड, तंबाखू आणि किडलेले दात यांनी ते वाढते. म्हणून दात काढायचे असतील तर औषध सुरू होण्याआधी काढून घ्यावेत आणि मिश्री सोडावी. मांडीच्या हाडाचे विचित्र फ्रॅक्चर मुख्यतः अनेक वर्षे औषध चालल्यावर दिसते. त्याआधी बहुतेकदा मांडीत किंवा जांघेत दुखू लागते. तसे झाले तर लगेच दाखवावे. गोळीने छातीत जळजळ होऊ शकते. झोलेड्रोनिकच्या पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते.

तराजूत दोन्ही बाजू ठेवायच्या. ज्याचा धोका कमी आहे, त्याने दुर्मीळ का होईना, पण हा त्रास ओढवून घेण्याचे कारण नाही. ज्याचा धोका जास्त आहे, त्याच्यासाठी मणका मोडण्याची शक्यता जबड्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठी आहे. औषध जन्मभराचेही नसते. दर वर्षी फेरविचार करायचा. स्टेरॉईड बंद झाले आणि धोका कमी झाला, तर बिस्फॉस्फोनेटही डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता येते.

ताटात काय, कामात काय?

आपली ज्वारी-बाजरीची भाकरी पोटाला आधार देते, पण तिच्यात कॅल्शियम थोडेच असते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, एका पेल्याभर (२०० मिलिलिटर) दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हेही चांगले स्रोत आहेत. तंबाखूबरोबरच्या चुन्याने हाडे घट्ट होतात, हा गैरसमज आहे. त्यातली तंबाखूच हाडांची शत्रू आहे.

चालणे आणि झेपेल तेवढे काम हाडांना हवेच असते. पण मणका दबलेला असेल तर कंबरेत वाकून पोते उचलणे, डोक्यावर भारा घेणे बंद केले पाहिजे. घरातला ओला उंबरठा, रात्रीचा अंधार, सरकणारी चटई याही गोष्टी पाहाव्यात. पडणे टळले तर हाड मोडणे टळते.

भांडगावातून हे कसे जमेल?

भांडगाव पुणे-सोलापूर महामार्गावर, यवतच्या पुढे. पहिली तपासणी यवतच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डेक्सा स्कॅन आणि संधिवात तज्ज्ञ मात्र पुण्यातच गाठावे लागतात. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते, तिथले शुल्काचे नियम वेगळे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यातून निघेल असे धरून चालू नये. जेनेरिक अलेंड्रोनेट आणि कॅल्शियम जन औषधी केंद्रात विचारून पाहावे.

पुण्याला एक फेरी म्हणजे एक मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. म्हणून फेरी वाया जाता कामा नये. जाताना सगळे जुने केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. माझा स्टेरॉईडचा डोस प्रेडनिसोलोनच्या मापात किती, आणि अजून किती महिने चालणार?
२. तो कमी करता येईल का, किंवा त्याजागी दुसरे औषध देता येईल का?
३. माझा हाड मोडण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त?
४. मला नुसते कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेल, की हाडांचे औषध हवे?
५. औषध सुरू केले तर किती वर्षे, आणि पुन्हा तपासणी कधी?
६. किडनी आणि रक्तातले कॅल्शियम तपासले का?

कार्यकर्त्याचे काम

हा प्रश्न निसटतो कुठे, हे समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर लगेच दिसते. स्टेरॉईड देतो त्वचेचा, किडनीचा किंवा छातीचा डॉक्टर. हाडे पाहतो हाडांचा डॉक्टर, तेही मोडल्यावर. दोघांच्या मधल्या जागेत रुग्ण उभा असतो. शिकलेला, ओळखी असलेला रुग्ण प्रश्न विचारून ती जागा ओलांडतो. इंग्रजी चिठ्ठी हातात घेऊन मान डोलावणारी बाई तिथेच राहते. तिचे हाड ठिसूळ होते तेव्हा तिची मजुरीही जाते, आणि मग शाळा सोडून घरी बसते तिची मुलगी किंवा नात.

म्हणून आमची तरुण मित्रमैत्रिणींना विनंती आहे. पुढच्या शिबिराच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवा : स्टेरॉईड सुरू आहे का, किती महिने, आणि साध्या पडण्याने हाड मोडले आहे का. भिंतीवर पट्टी चिकटवून उंची मोजा. ज्यांचे उत्तर 'हो' आहे, त्यांची नावे जाहीर वाचू नका. आजार ही खासगी बाब आहे, कुष्ठरोगाच्या बाबतीत तर जास्तच. त्यांच्याशी एकेकट्याने बोला, वरचे सहा प्रश्न लिहून द्या, आणि शक्य असेल तर सोबत जा.

गोळी घ्या किंवा घेऊ नका, हे सांगणे आपले काम नाही. ते डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतील. पण तो निर्णय पहिल्या तीन महिन्यांत व्हावा, रुग्णाला कळेल अशा भाषेत व्हावा आणि त्याच्या संमतीने व्हावा, एवढे आपण नक्की घडवून आणू शकतो.